आमच्या शर्यतींचा हिशेब

नाताळच्या सुटींत आमच्या व्यवसायांतील लोक उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडून बसतात. आम्हीहि बसलों होतों. परंतु गठ्ठ्याखालीं निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती आणि हात पुन्हां पुन्हां तिच्याकडेच जात होता. त्या वहींत विद्यार्थ्यांचे गुण नाहींत, आमचे आहेत. फेब्रुवारी २०२५ पासून नोव्हेंबरपर्यंत आम्ही किती पोहलों, सायकल किती हांकली, किती धांवलों, आणि त्या त्या पहांटे नाडीचे ठोके किती भरले, हें सर्व तींत मांडलेलें आहे. वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं इंग्रजीच्या एका प्राध्यापकानें असली वही बाळगावी याचें ज्या वाचकांस हंसूं येईल त्यांना आम्ही दोष देत नाहीं. प्राध्यापकांच्या खोलींत तें हंसूं आम्हीं वर्षभर ऐकलें आहे.

या खुळाचा उगम अगदीं सामान्य आहे. २०२३ सालीं रक्ताच्या तपासणीचा एक कागद आमच्या हातीं पडला. साखर हद्दीवर येऊन उभी होती. हद्द ओलांडली नव्हती, पण पाऊल उचललें होतें. डॉक्टरांनीं रोज चालावयास सांगितलें. आता कोल्हापुरांत चालावयाचें म्हणजे रंकाळ्याच्या कांठानें चालावयाचें, आणि तेथें सगळें गांव भेटतें. तसाच आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. दहा वर्षांपूर्वीं याला आम्हीं इंग्रजीच्या परीक्षेंत दोनदां नापास केलें होतें. हल्लीं तो तरुण मंडळीस पोहणें, सायकल व धांवणें या तिन्हींचें शिक्षण देतो. ‘सर, नुसतं चालून काय होणार? थोडं धांवा कीं,’ असें तो मोठ्या आदरानें म्हणाला. सूड कोणत्या वेषांत येईल हें खरोखरच सांगतां येत नाहीं.

ज्यांस ही तिहेरी शर्यत ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें हीं तिन्हीं एकामागून एक, मध्यें घड्याळ न थांबवितां, पुरीं करावयाचीं. कपडे बदलण्यास लागणारा वेळहि हिशेबांत धरतात. बुटाच्या बंदास गांठ बसली तर ती सोडविणें हाहि शर्यतीचाच भाग. १९७४ च्या सप्टेंबरांत कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें अशी पहिली छोटी शर्यत झाली. तिचें राक्षसी रूप जन्मास आलें तें मात्र हवाई बेटांत, आणि तेंहि एका वादांतून. पोहणारा अधिक दमदार, कीं धांवणारा, कीं सायकलवाला, असा प्रश्न तेथील एका बक्षीससमारंभांत निघाला. अमेरिकन आरमारांतील जॉन कॉलिन्स या अधिकाऱ्यानें त्यावर तोड काढली. बेटावर तीन निरनिराळ्या मोठ्या शर्यती होत असत. त्या तिन्ही जोडून एकाच दिवशीं घ्याव्या म्हणजे झालें! २.४ मैल समुद्र, ११२ मैल सायकल, आणि त्यावर २६.२ मैलांची अखंड मॅरेथॉन. १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं पंधरा जण निघाले व बारा पोंचले. गॉर्डन हॅलर हा ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंदांत पहिला आला. जॉन डनबार नांवाचा गडी बराच वेळ त्याच्या पुढें होता. परंतु त्याच्या सोबत्यांजवळचें पाणी संपलें आणि त्यांनीं त्याला बिअर पाजली, अशी हकीकत सांगतात. तो दुसरा आला. वाद कांहीं मिटला नाहीं. उलट तो जगभर पसरला, आणि २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें त्याच्या एका आटोपशीर रूपास प्रवेशहि मिळाला.

पूर्ण शर्यत संपविणाऱ्यास इंग्रजींत ‘आयर्नमॅन’ म्हणतात. मराठींत त्याला लोहपुरुष म्हणावें तर ती पदवी सरदार पटेलांकडे आधींच गेलेली; शिवाय आमच्या बाबतींत लोह रक्ताच्या तपासणींत कमीच निघालें होतें. आमच्यासारख्या मध्यम वयाच्या आणि मध्यम ऐपतीच्या माणसासाठीं निम्म्या अंतराची शर्यत असते: १.९ किलोमीटर पोहणें, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धांवणें. ही २०१९ सालीं प्रथम पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. आंबोलीचा घाट उतरला कीं गोवें आलेंच. तेव्हां आमच्या शिष्यानें तीच आमच्यासाठीं मुक्रर केली.

तिन्हींत आम्हांस सोपें वाटलें होतें तें पोहणें, आणि तेंच सर्वांत अवघड निघालें. आमचें आजोळ नृसिंहवाडीचें. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर मामांनीं आमच्या पाठीस वाळलेला भोपळा बांधून आम्हांस पाण्यांत ढकललें, तेव्हां आम्ही सात वर्षांचे होतों. पुढच्या उन्हाळ्यांत भोपळा सुटला. तेव्हांपासून आपणांस पोहतां येतें अशी आमची निःशंक समजूत होती. राजाराम तलावावर शिष्यानें आमचे चार हात पाहिले आणि विचारलें, ‘सर, मान वर कां ठेवतां?’

‘श्वास घ्यावयास.’

‘मान वर केली कीं पाय खालीं जातात.’

साधी तरफ! पाणी हवेपेक्षां सुमारें आठशें पट दाट. त्यांतून जातांना जोर किती लावला यापेक्षां अंग किती आडवें राहिलें याला महत्त्व. मान वर आणि पाय खालीं ठेवून पोहणारा मनुष्य स्वतःच्याच देहाचा बंधारा बांधतो आणि त्याच्याशीं झुंजत बसतो. तोंड पाण्यांत बुडवावयाचें, श्वास पाण्यांतच सोडावयाचा, आणि एका कुशीस किंचित् वळून तोंडाच्या कोपऱ्यानें हवा घ्यावयाची, एवढें शिकण्यास आम्हांस चार महिने लागले. पहिल्या महिन्यांत आम्ही हवेपेक्षां तलावच अधिक प्यालों. सात वर्षांच्या पोरास जें भय वाटलें नव्हतें तें चौपन्नाव्या वर्षीं वाटतें, हाहि एक नवा अनुभव. पोरास बुडण्याची कल्पना नसते. आम्हांस गृहकर्जाचे राहिलेले हप्तेसुद्धां पाण्याखालीं स्पष्ट दिसत.

इंग्रजी शिकविणाऱ्यास अशा वेळीं बायरन आठवावयाचाच. ३ मे १८१० रोजीं त्यानें हेलेस्पॉन्टची सामुद्रधुनी पोहून पार केली. एक तास दहा मिनिटें लागलीं. समोरचा तीर सरळ रेषेंत मैलभरच दूर होता, परंतु प्रवाह वाहवीत नेत असल्यामुळें त्याला त्याच्या कितीतरी पट अंतर कापावें लागलें. या पराक्रमाचा त्याला जन्मभर अभिमान वाटे. वर्गांत ही गोष्ट आम्ही पंचवीस वर्षें सांगत आलों, आणि दर वेळीं एका तरुण सरदाराची लहर म्हणून सांगत आलों. बायरनचा एक पाय जन्मापासून अधू होता, आणि पाण्यांत तो अधूपणा कोणास दिसत नसे, हें आम्हांस ठाऊक होतें. पण त्या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहाव्या असें कधीं सुचलें नव्हतें. यंदा तलावांतून बाहेर येतांना तें सुचलें. पुस्तकें वाचून जें कळत नाहीं तें गुडघे दुखूं लागल्यावर कळतें, असें म्हणण्याचा मोह होतो. पण तसें म्हटल्यास विद्यार्थी पुस्तकें वाचावयाचेंच सोडतील.

सायकलीची हकीकत निराळी. दर रविवारीं पहांटे चारला गजर लावून आम्ही निघत असूं. प्रथम पन्हाळ्यापर्यंत, मग ज्योतिबाचा चढ, आणि अंगांत थोडें बळ आल्यावर गगनबावड्यापर्यंत. जाऊन येऊन शंभराच्यावर किलोमीटर. एप्रिलमधील एका रविवारीं परत येतांना साळवणच्या अलीकडे आमच्या डोळ्यांपुढें अंधारी आली. याचें कारण पुढें शिष्यानें सांगितलें. यकृतांत व स्नायूंत मिळून सुमारें दोन हजार कॅलरींपुरती साखर साठविलेली असते. कडक श्रमांत दोन-तीन तासांत ती संपत येते आणि मग इंजीन थांबावें तसा मनुष्य थांबतो. म्हणून दर तासास पन्नास-साठ ग्रॅम साखर पोटांत गेली पाहिजे. ज्या साखरेस भिऊन आम्ही घराबाहेर पडलों तीच आतां खिशांत घेऊन हिंडणें प्राप्त झालें!

त्या दिवशीं मात्र खिसा रिकामा होता. सायकल बांधावर टेकवून आम्ही झाडाखालीं बसलों. उसाच्या फडांतून वाड्याचा भारा घेऊन एक बाई आली. तिनें भारा टाकला आणि विचारलें, ‘काय झालं ओ? चक्कर आली व्हय?’ जवळच्याच खोपटांतून तिनें गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आणून दिलें. गूळ विरघळेपर्यंत ती उभीच होती. मग म्हणाली, ‘कुठं गेलतासा?’

‘गगनबावड्याला.’

‘काय काम काढलंतं?’

काम कांहींच नव्हतें. जाऊन परत यावयाचें, एवढेंच. तसें आम्हीं सांगितलें. ती हंसली नाहीं. तिनें फक्त एकदां सायकलीकडे आणि एकदां आपल्या भाऱ्याकडे पाहिलें, आणि भारा डोक्यावर चढविण्यास आमची मदत घेतली. तो भारा उचलतांना आमच्या पाठींत जी कळ आली ती आठवडाभर गेली नाहीं.

पावसाळ्याचे तीन महिने लवकर सांगून टाकतों, कारण ते लवकर गेले नाहींत. तलाव गढूळ, रस्ते निसरडे, सायकल घरांतच घोडीवर चढवून जागच्या जागीं फिरवावयाची. तिच्या घुंईं-घुंईं आवाजानें शेजारच्या बिऱ्हाडांतील मूल झोपेंतून उठे. सप्टेंबरांत साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्यें धांवलों. यवतेश्वराच्या घाटांत धुकें उतरलें होतें. अर्धी वाट चढ आणि अर्धी उतार. चढावर आम्हांस तरुण मागें टाकीत होते आणि उतारावर आमचे गुडघेच आम्हांस मागें टाकूं पाहत होते. असो.

नोव्हेंबरांत पणजीस निघण्याच्या आदल्या सायंकाळीं आईच्या पायां पडलों. आई ब्यायशी वर्षांची आहे. वाडीच्या घाटावर ती स्वतः मुलपणीं पोहत असे. लग्नानंतर पोहण्याचा प्रश्नच उद्भवला नाहीं. ती म्हणाली, ‘नदीला दोन कांठ असतात, समुद्राला एकच. वळायचं तेवढं ध्यानांत ठेव.’

९ नोव्हेंबरच्या त्या रविवारीं मिरामारच्या वाळूंत उभे असतां आमच्या डोक्यांत तेवढेंच वाक्य होतें. मांडवी जेथें समुद्रास मिळते तेथलें पाणी. तळ दिसत नाहीं, स्वतःचा हातहि धड दिसत नाहीं. दोहों अंगांस माणसेंच माणसें, कोणाची लाथ आमच्या चष्म्यास तर आमचा हात कोणाच्या टाचेस. पहिलीं दोनशें मीटर आम्ही शिष्याची शिकवण विसरून मान वर काढून वाडीच्या पद्धतीनेंच पोहलों. मग श्वास ठिकाणावर आला, तोंड पाण्यांत गेलें, आणि ‘एक, दोन, तीन, वळ’ ही लय सांपडली. तरंगती खूण आल्यावर वळलों; म्हणजे मातोश्रींची आज्ञा तंतोतंत पाळली. पोहण्यास ५२ मिनिटें लागलीं. सायकलीस ३ तास ५८ मिनिटें. दोन वेळां वेष पालटण्यांत मिळून १९ मिनिटें गेलीं. तेवढ्या वेळांत आमच्या सौभाग्यवती लग्नास निघण्यासाठीं तयार होऊन वर कुलूपहि लावतात.

धांवण्याविषयीं फारसें लिहिण्यासारखें नाहीं, कारण आम्ही फारसें धांवलोंच नाहीं. सायकलीवरून उतरल्यावर पाय आपले वाटत नाहींत. चार तास वाटोळे फिरलेल्या स्नायूंस एकाएकीं शरीराचा भार घेऊन पुढें झेपावण्यास सांगितलें कीं ते बंड करतात. त्यांत दुपारचें ऊन आणि समुद्रकांठची दमट हवा. घाम निथळतो पण सुकत नाहीं, म्हणून अंग थंड होत नाहीं. तेराव्या किलोमीटरला मांडींत गोळा आला. तेथून पुढें दोनशें पावलें धांवावयाचें आणि शंभर चालावयाचें असा करार आम्हीं स्वतःशीं केला, आणि तोहि पुष्कळदां मोडला. रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या एका सहा-सात वर्षांच्या मुलीनें ‘कमॉन आजोबा!’ म्हणून ओरडून आम्हांस धीर दिला. सर्व मिळून साडेआठ तासांची मुदत होती. शेवटचीं आठ किलोमीटर आम्हीं पायांनीं नव्हे, त्रैराशिकाच्या बळावर काढलीं. ८ तास १४ मिनिटांनीं आम्ही कमानींतून पार झालों आणि कोणीतरी आमच्या गळ्यांत पदक घातलें. त्या क्षणीं काय वाटलें तें प्रामाणिकपणें सांगावयाचें तर, बसावेंसें वाटलें.

पिशवींतून फोन काढून घरीं लावला. सौभाग्यवतींनीं विचारलें, ‘झालं?’ आम्हीं ‘झालं’ म्हटलें. ‘नीट जेवून निघा. घाटांत घाई करूं नका,’ एवढेंच त्या बोलल्या. आवाज किंचित् थकलेला वाटला. पण थकलेल्या माणसास दुसऱ्याचा थकवा फारसा ऐकूं येत नाहीं.

रात्रीं साडेदहास घरीं पोंचलों तों आई अंथरुणावर बसलेली, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्यें, गळ्यांत झोळी. सकाळीं साडेसहाच्या सुमारास न्हाणीघरांत तिचा पाय घसरला होता. म्हणजे आम्ही वाळूंत उभे राहून टोपी घालीत होतों त्याच सुमारास. सौभाग्यवतींनीं शेजाऱ्यांस उठवून रिक्षा आणविली, इस्पितळ गांठलें, मनगटाचें हाड मोडल्याचें कळल्यावर तें बसवून घेतलें, दुपारीं दोघी घरीं आल्या, आणि मग आमच्या फोनची वाट पाहत बसल्या. ‘मला कळवलं कां नाहीं?’ असें आम्हीं विचारलें. आवाज थोडा चढलाच असावा. उत्तर आईनें दिलें. ‘मीच नको म्हटलं. पाण्यांत असलेल्या माणसाला मागून हांक मारूं नये.’

पदक अजून गळ्यांतच होतें. तें काढून खिशांत घातलें.

आईचें दुखणें जीवावरचें नव्हतें, आणि घरांतील कोणीहि आम्हांस कांहीं बोललें नाहीं. बोललें असतें तर बरें झालें असतें. भांडण जिंकतां येतें. पुढच्या रविवारीं सवयीनें पहांटे चारला जाग आली. सायकलीकडे न जातां आम्ही ती निळी वही घेऊन बसलों आणि बेरजा केल्या. नऊ महिन्यांत ३८६ तास. पोहण्याचा रकाना, सायकलीचा रकाना, धांवण्याचा रकाना, झोपेचा आणि नाडीचासुद्धां रकाना होता. पहांटे साडेचारास दाराची आंतली कडी लावण्यास रोज कोण उठत होतें, परत आल्यावर चहा कोणी ठेवला, आईची औषधें आणि तिचें आंघोळपाणी आटपून बँकेंत दहाच्या ठोक्यास कोण पोंचत होतें, याचा रकाना नव्हता. आम्ही नऊ महिने ज्या गुणाची कसून मशागत करीत होतों त्याला दमसास म्हणतात. तो घरांत दुसऱ्या कोणाजवळ आमच्याहून किती अधिक आहे, हें पाहण्यास आम्हांस कोठें जावें लागत नव्हतें. फक्त घरीं राहावें लागलें असतें.

सायंकाळीं ही वही आम्हीं सौभाग्यवतींपुढें ठेवली. त्या बँकेंत हिशेब तपासण्याचें काम करतात. त्यांनीं आधीं आमची बेरीज तपासली. मे महिन्यांत आम्हीं चार तास दोनदां धरले होते, ते कापले. मग म्हणाल्या, ‘मी तुम्हांला कधीं नको म्हटलं नाहीं. पण तुम्हीं मला कधीं विचारलंहि नाहीं.’

हें अक्षरशः खरें होतें. आम्हीं कळविलें होतें, सांगितलें होतें, दिनदर्शिकेवर लाल शाईनें खुणा केल्या होत्या. विचारलें नव्हतें.

आतां पुढील वर्षाचें. शर्यत संपलेल्या माणसापुढें पुढच्या शर्यतींचीं जाहिरातपत्रकें कशीं येऊन पडतात हें दैवच जाणे. नोव्हेंबरपूर्वींचा आमचा बेत असा होता कीं, २०२६ सालीं पूर्ण अंतराची शर्यत करावयाची: ३.८ किलोमीटर पोहणें, १८० सायकल, ४२.२ धांवणें. मिलिंद सोमण यांनीं २०१५ सालीं झुरिक येथें ती पन्नासाव्या वर्षीं पुरी केली, हा दाखला आमच्या ओठांवर सदैव तयार असे. त्यांच्या आणि आमच्या शरीरयष्टींत जो फरक आहे तो आम्ही ओघाच्या भरांत विसरत असूं. त्याखेरीज दक्षिण आफ्रिकेंत दर्बान आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांमधील सुमारें नव्वद किलोमीटरांची कॉम्रेड्स शर्यत आहे. ती १९२१ पासून चालू आहे आणि तिकडेहि आपल्याकडील मंडळी जातात. फ्रान्समध्यें पॅरिसहून ब्रेस्तपर्यंत जाऊन पुन्हां पॅरिसला येण्याची बाराशें किलोमीटरांची सायकलफेरी आहे; ती १८९१ मध्यें सुरू झाली, हल्लीं चार वर्षांतून एकदां होते, आणि नव्वद तासांत पुरी करावी लागते. पुढची २०२७ सालीं. हीं नांवें रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या मनांत घोळविण्यास फार गोड असतात. शिष्यास फोन करून पूर्ण अंतरास आठवड्याचे किती तास लागतील असें विचारलें. ‘सर, चौदा-पंधरा तरी धरा,’ तो म्हणाला. आम्हीं वहींत पंधराचा आंकडा लिहिला, त्याला बावन्नांनीं गुणिलें, गुणाकाराकडे कांहीं वेळ पाहिलें, आणि पान उलटलें.

या वेळीं मात्र विचारलें. जेवणें झाल्यावर, आई झोपल्यावर, आम्हीं मोठ्या संकोचानें विषय काढला. पूर्ण अंतर नको, २०२६ मध्यें तरी नको, हें आम्हींच आधीं सांगून टाकलें. मग विचारलें, ‘तुम्हांला काय हवं?’ आमची अपेक्षा अशी कीं, कांहींतरी मोठें मागणें येईल. गाण्याची शिकवणी म्हणा, काशीयात्रा म्हणा. सौभाग्यवतींनीं क्षणभर विचार केला.

‘मला रविवारीं सात वाजेपर्यंत झोपायचं आहे.’

‘बस्स?’

‘नऊ महिन्यांत एक रविवार झोपलें नाहीं. तो गजर तुमच्या उशाशीं असतो, पण वाजतो माझ्या कानांत.’

तेव्हांपासून रविवार आमचा आहे, पण निराळ्या अर्थानें. सहाला उठून आईचा चहा आम्ही करतों. पहिले दोन रविवार तो फार गोड झाला. साखरेचें प्रमाण आमच्या हातांत अजून शर्यतीचेंच होतें. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत तिचें प्लास्टर निघालें. मनगट ताठरलेलें, बोटें सुजलेलीं. स्पंजाचा एक चेंडू दिवसांतून तीन वेळां वीस वीस वेळां दाबावा, असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. आम्ही समोर बसून मोजतों. अकराव्या-बाराव्या दाबास तिचा ओठ दांतांखालीं जातो. एकदां पंधरावर आम्ही म्हणालों, ‘राहूं दे आजच्यापुरतं.’ ती म्हणाली, ‘डॉक्टरांनीं किती सांगितलेत?’ संक्रांतीपर्यंत स्वतःची वेणी स्वतः घालावयाची, असा तिचा नेम आहे. त्या वहींत आतां तिच्यासाठीं एक रकाना ओढला आहे. शनिवारीं सकाळचे अठरा भरले, सायंकाळचे वीस.

आमचा स्वतःचा बेत अखेर असा ठरला. पोहणें आठवड्यांतून दोनदां, कॉलेजच्या वाटेवर. धांवणें रंकाळ्याभोंवतीं, सायंकाळीं. आणि सायकलीसाठीं फेब्रुवारींत दोनशें किलोमीटरांची एक फेरी. हिच्यांत पहिला-दुसरा असा क्रम नसतो. साडेतेरा तासांत अंतर पुरें करावयाचें, वाटेंत ठरल्या ठिकाणीं पत्रिकेवर शिक्का घ्यावयाचा, आणि सायकल बिघडली तर ज्याची त्यानें दुरुस्त करावयाची. पॅरिसचा ऑडॅक्स क्लब ज्या नियमांनीं हें चालवितो त्याच नियमांनीं आपल्याकडेहि होतें. तिकडून पुढें तीनशें, चारशें आणि सहाशें असा जिना २०२७ पर्यंत चढतो, हें आम्हांस दिसत नाहीं असें नाहीं. पण तूर्त पहिलीच पायरी.

काल रात्रीं तो अर्ज भरावयास बसलों. नांव, वय, रक्तगट. मग एक रकाना आला: आपत्प्रसंगीं कोणास कळवावें. तेथें सौभाग्यवतींचा फोन लिहिला. घरीं आपत्प्रसंग आल्यास आम्हांस कोठें कळवावें, हा रकाना कोणत्याच अर्जांत नसतो. आम्ही लेखणी खालीं ठेवून तसेच बसलेलों पाहून सौभाग्यवती मागें येऊन उभ्या राहिल्या व खांद्यावरून अर्ज वाचूं लागल्या.

‘या फेरींत फोन जवळ ठेवतां येतो?’

‘येतो.’

‘चालू?’

‘चालू.’

‘मग भरा,’ त्या म्हणाल्या, ‘आणि तें वय चौपन्न नका लिहूं. फेब्रुवारींत पंचावन्न लागतंय.’